घरी मित्रमैत्रिणींना बोलवताय? मग पार्टीत तुम्हीही बसा: पहिल्या मेसेजपासून शेवटच्या भांड्यापर्यंत

घरी पार्टी ठेवली की बऱ्याच ठिकाणी एकच चित्र दिसतं, सगळे हॉलमध्ये हसतायत आणि ज्याच्या घरी आलेत तो किंवा ती किचनमध्ये घामाघूम, अधूनमधून बाहेर येऊन "अजून काही हवंय का" विचारायचं आणि परत आत. लोक निघताना छान झालं म्हणतात, पण ज्या मित्राशी कितीतरी दिवसांनी निवांत बोलायचं होतं त्याच्याशी धड दोन वाक्यंही झालेली नसतात. मला हे खरंच पटत नाही. मित्र जेवायला म्हणून येत नाहीत हो, तुम्हाला भेटायला येतात, आणि तुम्हीच गायब असाल तर बाकी कितीही छान असलं तरी मुख्य गोष्टच राहिली.

म्हणून मी सगळी तयारी एका नियमावर बेतते: बेल वाजली की नवीन काम सुरू करायचं नाही. गरम करणं चालेल, भांडं उचलून टेबलावर ठेवणं चालेल, बर्फ भरणं चालेल. चिरणं, तळणं, शोधणं आणि मुख्य म्हणजे काही ठरवणं, हे सगळं बेलच्या आधी उरकलेलं हवं. दमवतात ते ऐनवेळचे निर्णय, कुठल्या प्लेट काढू, हे आत्ता गरम करू का नंतर, चमचे पुरतील ना. खाली जे काही लिहिलंय ते या एका नियमासाठीच आहे.

किती जणांना बोलवायचं

घर किती मोठं आहे यावरून आकडा ठरवू नका, गप्पा कशा होतात त्यावरून ठरवा. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लोकांच्या मोकळ्या गप्पांचे गट बघून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात दिसलं की एका गप्पेत साधारण ४ जणच टिकतात, त्याहून जास्त झाले की गट आपोआप फुटतो. पुढच्या वेळी कुठे जमलात की बघा, अगदी हेच होत असतं. म्हणजे ४ जण असतील तर सगळे एकाच विषयावर, ८ असतील तर दोन घोळके, १२ असतील तर तीन, आणि प्रत्येक घोळक्याला बसायला-टेकायला आपली जागा लागते.

पहिल्यांदाच ठेवत असाल तर ६ ते ८ हा उत्तम आकडा. कोणी ऐनवेळी आलं नाही तरी रिकामं वाटत नाही, आणि तुम्हाला प्रत्येकाशी बोलायला मिळतं. एक गोष्ट मात्र नक्की बघा, प्रत्येक माणसाला तुमच्याशिवाय निदान एक तरी ओळखीचं हवं, नाहीतर तो बिचारा रात्रभर तुमच्याच मागे मागे फिरतो आणि दोघांचीही पंचाईत होते. असं कोणी असेल तर त्याला सरळ सांगा की बरोबर एखाद्या मित्राला घेऊन ये.

मेसेजमध्ये सगळं लिहून टाका

अर्धं टेन्शन इथेच संपतं. "शनिवारी या रे सगळे" असा मेसेज टाकला की मग दहा जणांचे दहा प्रश्न येतात, जेवण आहे का नुसतं चहापाणी, मुलांना आणू का, किती वाजेपर्यंत थांबायचं. त्यापेक्षा एकदाच नीट लिहा, असं काहीतरी:

"शनिवारी संध्याकाळी ७ ला घरी या, ८ ला जेवू, १०:३० पर्यंत आवरू म्हणजे सगळ्यांना घरी जायला बरं. एकदम घरगुती आहे, कपड्यांचं काही नाही, जमिनीवर पण बसू. कोण काय खात नाही आणि कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते गुरुवारपर्यंत कळवा. घरात मांजर आहे."

संपायची वेळ लिहायला लोकांना अवघड वाटतं, की उगाच हाकलल्यासारखं दिसेल. उलट येणाऱ्यांची सोय होते, मुलांना सांभाळायला कोणाला किती वेळ बोलवायचं, परत जायची गाडी कोणती, हे त्यांना ठरवता येतं. आणि "सगळं चालतं ना?" असं विचारू नका, त्यावर माणूस भिडेखातर हो म्हणून मोकळा होतो. "काय खात नाहीस?" असं विचारलं की खरं उत्तर येतं.

मग येतो तो नेहमीचा प्रश्न, "काही आणू का?" यावर "नको नको, काही नको" म्हणायची सवय सोडा. लोकांना खरंच मदत करायची असते. फोनमध्ये ५-६ गोष्टींची यादी तयार ठेवा, बर्फ, कापलेली फळं, काहीतरी गोड, दोन फोल्डिंगच्या खुर्च्या, पत्त्यांचा जोड, आणि जो विचारेल त्याला त्यातली एक गोष्ट आकड्यासकट सांगा. "बर्फ आण" म्हणू नका, "४ किलो बर्फ आण आणि ७ च्या आत पोच" म्हणा. फक्त एक करा, ज्याच्यावाचून जेवण अडेल अशी वस्तू नेहमी उशिरा येणाऱ्या मित्रावर सोपवू नका, त्याला गोड आणायला सांगा.

जेवण, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त लोक फसतात

मेन्यू ठरवताना मी प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारते. पहिला, हा पदार्थ अर्धा तास नुसता झाकून ठेवला तर चांगला लागेल की बिघडेल? तळलेलं सगळं इथेच बाद, ते कढईतून थेट ताटात पडलं पाहिजे आणि कढईपाशी कोणीतरी उभं राहिलं पाहिजे, ते कोणीतरी म्हणजे तुम्ही. रस असलेले, मंद आचेवर शिजणारे, ओव्हनमध्ये भाजून निघणारे पदार्थ मात्र थांबतात, काही तर आदल्या दिवशी केले की जास्त मुरतात. दुसरा प्रश्न, हे मांडीवर प्लेट घेऊन एका हाताने खाता येईल का? सुरीने कापून खायचं असेल तर सगळ्यांना टेबल लागणार, आणि ८ जणांना पुरेल एवढं टेबल प्रत्येकाच्या घरी नसतं.

या दोन्ही प्रश्नांतून जे पास होईल त्यातून एकच मुख्य पदार्थ घ्या, मोठ्या भांड्यात, आदल्या दिवशी करून ठेवता येईल असा. त्याच्या जोडीला एक थंड पदार्थ, सॅलड किंवा तत्सम, ज्याचं चिरणं सकाळीच होतं आणि ड्रेसिंग ऐनवेळी वरून पडतं. तिसरी गोष्ट सरळ विकत आणा, ब्रेड असो, गोड असो, त्यात अजिबात कमीपणा मानू नका. तीन गोष्टी पुरतात. सहा पदार्थ केले म्हणून कोणी जास्त खुश झालेलं मी पाहिलेलं नाही, पण सहा पदार्थ करून दमलेले लोक भरपूर पाहिलेत. आणि मुख्य पदार्थ असा निवडा की जो सगळ्यांनाच चालेल. शाकाहारी लोकांसाठी वेगळं काहीतरी कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा मूळ पदार्थ शाकाहारीच करा आणि मांसाहारी भाग शेजारी वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्याला हवा तो घेईल.

अंदाज चुकू नये म्हणून, कोरडा पास्ता माणशी साधारण १०० ग्रॅम, तांदूळ कच्चे माणशी ७५ ते ८० ग्रॅम धरा, सोबत बाकीचं असेल तर एवढं पुरतं. शिजल्यावर तांदळाचं वजन अडीच-तीनपट होतं हे लक्षात ठेवा म्हणजे भांडं छोटं पडणार नाही.

आता थोडं गंभीर, कारण पार्टीत अन्न तासन्तास बाहेर राहतं. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, त्यामुळे शिजलेलं किंवा फ्रिजमधलं नाशवंत अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि खोली ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर १ तासच. यावर साधा उपाय म्हणजे सगळं एकदम मांडायचंच नाही, निम्मं टेबलावर, निम्मं फ्रिजमध्ये किंवा मंद गॅसवर गरम, आणि संपलं की नवीन भांडं बाहेर. अर्ध्या भांड्यात नवीन ओतू नका, भांडंच बदला.

भाताकडे तर खास लक्ष हवं. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते जागे होऊन विष तयार करतात जे परत गरम केल्याने जात नाही. त्यामुळे भात आदल्या दिवशी करणार असाल तर शिजल्यावर पसरट ताटात पातळ पसरा, लवकर निववा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका, आणि दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत एकदाच गरम करा. रश्शाचंही तेच, मोठं खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकलू नका, मधला भाग तासन्तास कोमट राहतो, दोन-तीन उथळ डब्यांत काढा. गरम करताना आतपर्यंत ७४ अंश गेलं पाहिजे, थर्मामीटर नसेल तर मधूनही बुडबुडे येईपर्यंत उकळू द्या.

अ‍ॅलर्जीवाला कोणी असेल तर प्रत्येक पदार्थापाशी एक छोटी चिठ्ठी ठेवा, शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, दूध आहे असं स्पष्ट लिहून, आणि प्रत्येक भांड्यात आपापला चमचा. एकच चमचा सगळीकडे फिरला की चिठ्ठीचा काही उपयोग नाही.

पिण्याचं सगळं किचनच्या बाहेर

ही एक गोष्ट केलीत तरी तुमच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. हॉलच्या एका कोपऱ्यात छोटं टेबल लावा, त्यावर ग्लास, पाण्याचे दोन मोठे जग, सरबत किंवा जे काही असेल ते, बर्फाचं भांडं, ओपनर, टिश्यू, आणि टेबलाखाली कचऱ्याची पिशवी. पहिल्या ग्लासला तुम्ही हात लावून दाखवा, "हे घ्या, पुढचं आपापलं", की मग कोणी तुम्हाला विचारत नाही. टेबल दारापाशी किंवा खायच्या टेबलाला चिकटून नको, तिथे गर्दी तुंबते. ग्लास माणशी दोन धरा कारण लोक ग्लास कुठे ठेवला ते विसरतातच, किंवा मार्कर ठेवा आणि नाव लिहायला सांगा.

बर्फ माणशी अर्धा किलो. बाटल्या थंड करायला फ्रिज अडवायची गरज नाही, बादलीत बर्फ, पाणी आणि मूठ-दोन मूठ मीठ टाका, मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू शून्याखाली जातो आणि पाणी बाटलीला चहूबाजूंनी चिकटून असतं, त्यामुळे १५-२० मिनिटांत बाटली गार होते. नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते म्हणून जास्त वेळ लागतो.

दारू असेल तर दोन गोष्टी. न पिणाऱ्यांसाठीही तितकंच चांगलं आणि तितकंच समोर दिसेल असं काहीतरी ठेवा, कोपऱ्यातली गरम झालेली कोल्ड्रिंकची बाटली नको. आणि गाडी कोण चालवणार ते येण्याआधीच विचारा. शरीर तासाला साधारण एक छोटा पेगच (३० मिली) पचवतं, कडक कॉफीने किंवा तोंडावर पाणी मारल्याने त्यात काही फरक पडत नाही, म्हणून निघायच्या वेळी "ठीक आहे मी" यावर विसंबू नका, झोपायला जागा करून ठेवा किंवा टॅक्सी बोलवा.

घर

संपूर्ण घर घासत बसू नका. बाथरूम, हॉलमधल्या दिसणाऱ्या जागा आणि किचनचं रिकामं सिंक, एवढं झालं की बास. बाकी पसारा बेडरूममध्ये टाका आणि दार लावा. बाथरूममध्ये मात्र दोन मिनिटं खरंच उभं राहून पाहुण्याच्या नजरेने बघा: साबण आहे का, हात पुसायला स्वच्छ कोरडा टॉवेल आहे का, टिश्यूचा जादा रोल डोळ्यांना दिसेल असा ठेवलाय का, झाकणवाला डस्टबिन आहे का, कडी नीट लागते का. या गोष्टी मागायला माणसाला लाज वाटते, म्हणून त्या न मागता हाताशी असायला हव्यात.

खुर्च्या भिंतीला लावून गोल करू नका, मग सगळे एकमेकांकडे बघत गप्प बसतात. तीन-चार बैठकींचे छोटे पुंजके करा, थोड्या उशा जमिनीवर टाका, प्रत्येक पुंजक्यापाशी ग्लास ठेवायला काहीतरी, स्टूल, पुस्तकांचा गठ्ठा, काहीही. छतावरचा पांढरा फटफटीत दिवा बंद करून दोन-तीन दिवे खालच्या उंचीवर लावा, बल्बवर २७०० केल्विन लिहिलेलं असेल तर तो पिवळसर उबदार प्रकाश.

उकाड्याचा विचार आधी करा. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे १० जण आले की खोलीत एक १ किलोवॉटचा हीटर चालू झाला. रिकामी खोली तुम्हाला किंचित गार वाटली पाहिजे, तेवढी बरोबर. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवा.

म्युझिकच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे, कमीच हवं. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, फ्रेंच डॉक्टर एतिएन लोम्बार यांनी १९११ मध्ये हे मांडलं म्हणून त्याला लोम्बार परिणाम म्हणतात, आणि मग एक घोळका जोरात बोलला की दुसरा त्याहून जोरात, शेवटी सगळ्यांचे घसे बसतात. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता येतंय ना, एवढं तपासा. स्पीकर बसायच्या जागेपासून लांब ठेवा, ४ तासांची प्लेलिस्ट आधीच लावा आणि जाहिराती मध्ये येणार नाहीत ते बघा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, किती वाजता संपेल तेही सांगा.

कामं कुठल्या दिवशी

दोन दिवस आधी खरेदी. आदल्या संध्याकाळी मुख्य पदार्थ, बाथरूम, आणि एक काम जे फार कमी लोक करतात: वाढायची सगळी रिकामी भांडी टेबलावर मांडून प्रत्येकात काय येणार त्याची चिठ्ठी टाका. तेव्हाच कळतं की एक डाव कमी आहे किंवा मोठं ताट नाहीये, आणि शेजारून मागून आणायला वेळ असतो. पार्टीच्या दिवशी सकाळी चिरणं आणि खुर्च्या, दुपारी सिंक, डस्टबिन आणि फ्रिजचा एक कप्पा रिकामा.

शेवटचा अर्धा तास कामाला लावायचाच नाही. आंघोळ करा, कपडे बदला, पाणी प्या, बसा. काही राहिलं असेल तर ते सोडून द्या, अगदी मनापासून सांगते, तुम्ही ओल्या हाताने दार उघडलंत की येणाऱ्याला लगेच वाटतं आपण लवकर आलो, आणि तो अवघडून बसतो.

लोक आल्यावर

पहिला पाहुणा सगळ्यात अवघडलेला असतो कारण खोलीत तो आणि तुम्हीच. त्याला एक छोटं काम द्या, जे उभ्याने आणि बोलता बोलता होईल. "जरा लिंबं काप ना", "बर्फ या भांड्यात ओत". हातात काम आलं की खांदे सैल होतात, आणि दुसरा पाहुणा आला की तोच त्याला म्हणतो, "ये, ग्लास इकडे आहेत." हे दरवेळी होतं आणि दरवेळी बघायला छान वाटतं.

ओळख करून देताना नुसती नावं सांगू नका, बोलायला काहीतरी धागा द्या. "ही माझी शाळेतली मैत्रीण, आणि हा माझ्या ऑफिसमधला" एवढ्यावर दोघं हसून गप्प होतात. "हिने नुकतंच गच्चीवर टोमॅटो लावलेत आणि तुझी सगळी रोपं मरतायत ना, विचार हिला" असं म्हणून तुम्ही सटकू शकता, त्यांचं चालू राहतं. मग मधून मधून फक्त नजर फिरवत राहा, कोणी एकटं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलंय का. असेल तर त्याला खेचून मध्ये आणू नका, त्याच्या शेजारी जाऊन दोन मिनिटं बसा आणि बोलत बोलत तिसऱ्या कोणाला त्यात ओढा. काही जणांना शांत बसायलाच आवडतं, तेही ठीक आहे. खेळांचंही तसंच, पत्ते टेबलावर दिसतील असे ठेवा, जबरदस्ती नको.

जेवण लोक आल्यावर तासाभरात मांडा, फार लांबवलं की भुकेने गप्पा मंदावतात आणि पिणारे उपाशीपोटी पितात. "वाढून घ्या" म्हणून स्वतः पहिली प्लेट कोणाच्या तरी हातात द्या, नाहीतर "आधी तू, आधी तू" मध्ये दहा मिनिटं जातात. आणि मग स्वतःचीही प्लेट घ्या आणि सगळ्यांबरोबर बसून जेवा. काही सांडलं, फुटलं तर झाडू आणि फडकं कुठे आहे ते तुम्हाला माहीत असलं की पुरे, दोन मिनिटांत उरकून परत गप्पांत.

आवरताना

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांचा १९९३ मधला एक प्रयोग आहे. लोकांना गार पाण्यात हात बुडवायला लावला, एकदा ६० सेकंद, आणि एकदा तेवढंच पण वर ३० सेकंद किंचित कमी गार पाण्यात. परत कुठला करशील विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. पार्टीचंही मला हेच वाटतं, शेवटची १० मिनिटं लक्षात राहतात, म्हणून ती भांडी घासण्यात घालवू नका. संपायच्या अर्धा तास आधी खायचं टेबल आवरायला घ्या, चहा-कॉफी विचारा, म्युझिक हळू करा, जाणाऱ्यांना तेवढ्यात कळतं. कोणी निघालं की दारापर्यंत जा, आणि त्या संध्याकाळी त्याने सांगितलेली एखादी गोष्ट आठवून बोला, "मुलाखतीचं काय होतंय ते कळव हं".

कोणी जवळची मैत्रीण मागे थांबून मदत करते म्हणाली तर करू द्या, बहुतेक वेळा सगळ्यात चांगल्या गप्पा तेव्हाच होतात. २ तासांच्या आतलं उरलेलं अन्न डब्यांत भरून वाटा किंवा फ्रिजमध्ये टाका, बाहेर जास्त राहिलेलं टाकून द्या, जीव तुटला तरी. रात्री फक्त तीन कामं: अन्न झाकणं, कचरा बाहेर, आणि भांडी साबणाच्या पाण्यात भिजत घालणं. ग्लास सिंकमध्ये नको, रात्री अंधारात हात लागून फुटतात, ओट्यावर मागे ओळीने ठेवा.

सकाळी भांडी घासून झाली की दोन मिनिटं काढून फोनमध्ये लिहून ठेवा, किती जण होते, काय उरलं, काय कमी पडलं, कोण काय खात नाही, आणि राहिलेला चार्जर, छत्री, डबा यांचा एक फोटो काढून सगळ्यांना पाठवा.